मोटार कुणाच्या पाळीत जळाली

माझं काम नेमकं काय, हे वडिलांना समजावून सांगण्यात मी दोन दिवाळ्या घालवल्या. एका कंपनीचे पुष्कळ कंप्युटर कुठेतरी लांब चालू असतात. ते माणसाने हात न लावता चालावेत, बंद पडले तर आपले आपण उठावेत, गर्दी झाली तर आपले आपण वाढावेत, अशा सूचना लिहून ठेवायच्या. याला डेव्हऑप्स म्हणतात. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी देवळाली प्रवऱ्याच्या बाजारात कुणीतरी विचारलं तेव्हा सांगितलं, "कंप्युटरचा पाटकरी हाय. कुनाला किती पानी सोडायचं ते बघतो." कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाच्या रांगेत मला बसवलं म्हणून मी आधी चिडलो. नंतर कंपनीत नव्याने आलेल्यांना माझं काम सांगताना मी तीच उपमा वापरायला लागलो, आणि ती माझीच आहे असं भासवलं.

मी घरूनच काम करतो. वर्षातून दोन-तीनदा मात्र पुण्याला नाही तर बंगळुरूला परिषदांना जातो. आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं असं मानणाऱ्या लोकांच्या या परिषदा. तिथे माणसं एकमेकांच्या चुका फार आवडीने ऐकतात, आणि निघताना प्रत्येकाला टी-शर्ट मिळतो. मी दरवेळी गोड बोलून दोन जादा आणतो. एक वडिलांना, एक चुलत्यांना. कापड चांगलं असतं, त्यामुळे दोघंही ते शेतात घालतात. तुम्ही आमच्या बांधावर आलात तर तुम्हाला साठीच्या आसपासचे दोन शेतकरी दिसतील. दोघांच्या अंगात काळा टी-शर्ट, दोघांच्या पाठीवर इंग्रजीत 'काही बिघडलं तर आम्हाला कळवा', आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना.

कारण माझे वडील आणि चुलते नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दोन घरं, मधे एकच अंगण. वडील ओट्यावर बसून हवेत बोलायचे, "त्याला सांगा, गाय सुटली त्याची." चुलते दहा पावलांवर असायचे. त्यांना स्वच्छ ऐकू यायचं. तरी ते हलायचे नाहीत. मग आई हातातलं पीठ झटकत बाहेर यायची आणि म्हणायची, "भावजी, गाय सुटली." मग चुलते पळायचे. तोवर गायीने घासाच्या रानात पोचून निम्मा वाफा संपवलेला असायचा. तिकडून निरोप आला की काकू आईला सांगायची आणि आई वडिलांना. निरोप पोचवायची एवढी भरवशाची व्यवस्था मी आमच्या कंपनीतही पाहिलेली नाही. आईचा एकही निरोप कधी हरवला नाही. फक्त त्यातल्या शिव्या ती गाळायची.

वडिलांना मी 'दादा' म्हणतो. चुलते म्हणायचे, ते ऐकून लहानपणी मीही म्हणायला लागलो. त्या अंगणात त्यांना दादा म्हणणारे आम्ही दोघंच. नऊ वर्षांपूर्वी त्यातला एक गप्प झाला आणि मी एकटा उरलो. तो शब्द म्हणताना मी पुष्कळदा अडखळायचो, आणि का अडखळायचो ते सांगतो.

भांडण विहिरीच्या मोटारीवरून झालं. विहीर सामाईक, मोटार सामाईक, पाळी आठवड्याची. सोमवारी सकाळी पाळी बदलायची. एका सोमवारी सकाळी मोटार जळाली. वडील म्हणाले, माझी पाळी रविवारी संध्याकाळीच संपली, मी बटणाला हात लावला नाही. चुलते म्हणाले, मी डेअरीवर दूध घालायला गेलो होतो, मी अजून विहिरीवर पोचलोच नव्हतो. दोघांनी हात लावला नाही तर मोटार चालू कशी होती? म्हणजे दोघांतला एक खोटं बोलतोय. दोघांनाही तो कोण हे लगेच कळलं.

आता मोटार कुणी जाळली, हे या जगात एका माणसाला नक्की माहीत होतं. तो मी.

इंजिनिअरिंगचं माझं शेवटचं वर्ष होतं. नगरला होस्टेलवर असायचो, शनिवार-रविवार घरी यायचो. लाईट आली की विहिरीवर जाऊन बटण दाबायचं काम माझ्याकडे असे, आणि मला चालायचा भारी कंटाळा. म्हणून मी कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेल्या सामानातून साबणाच्या डबीत बसेल एवढं एक यंत्र केलं आणि स्टार्टरच्या पेटीत आत सरकवलं. लाईट आली की दीड मिनिटाने मोटार आपोआप चालू. असे ऑटो बाजारात मिळतात, घरोघरी असतात, पण विकत आणलेल्यात काय मजा? स्टार्टरमध्ये एक खटका असतो. तीन फेजच्या तारांपैकी एक मेली की तो पडतो आणि मोटार वाचते. तो सारखा पडून माझ्या यंत्राचा अपमान करत होता, म्हणून मी त्यात आगपेटीची काडी खोचली. रविवारी संध्याकाळी एसटी पकडून नगरला गेलो. डबी बंद केली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. सोमवारी सकाळी लाईट आली ती दोनच तारांवर.

पुढच्या शनिवारी आलो तर मोटार वाइंडिंग नव्याने भरायला गेली होती आणि दोघं भाऊ बोलायचे बंद झाले होते. मी गुपचूप विहिरीवर गेलो, डबी काढली, काडी काढली आणि डबी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या जुन्या वह्यांखाली ठेवली. वाटलं, आठ दिवसांत मिटेल. मग वाटलं, पोळ्याला बैल एकत्र निघतात तेव्हा मिटेल. त्या पोळ्याला बैल एकत्र निघाले, भाऊ नाही निघाले. नंतर मला नोकरी लागली, मग सांगायला फारच उशीर झाला, आणि मग मी त्या गोष्टीकडे बघणंच सोडलं. भरून आलेली मोटार गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिली. ती विहिरीत सोडायची तर दोन माणसांनी दोर धरावा लागतो. दोघांनी आपापल्या रानात बोअर घेतले.

आता यातला निर्लज्जपणा ऐका. मी परिषदांत ज्या विषयावर बोलतो, तो विषय आहे बिघाडाची चिकित्सा. काही मोठं बंद पडलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, कुणी केलं हे विचारायचं नाही, काय काय घडलं ते ओळीने मांडायचं. कुणाला दोष द्यायचा नाही, म्हणजे माणसं खरं सांगतात. माझ्या भाषणात एक वाक्य आहे, त्यावर हमखास टाळ्या पडतात आणि लोक पडद्याचे फोटो काढतात: दोन प्रामाणिक माणसं दोन न जुळणाऱ्या गोष्टी सांगत असतील, तर मधे कुणीतरी न सांगता ठेवून दिलेलं, आपोआप चालणारं काहीतरी आहे असं समजा.

मागच्या हिवाळ्यातल्या परिषदेत चहाच्या रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई भेटल्या. एक छोटंसं सॉफ्टवेअर त्या कित्येक वर्षं एकट्या सांभाळताहेत. त्यांनी विचारलं, "ते वाक्य कुठल्या बिघाडावरून सुचलं हो?"

"एक जुने क्लायंट होते," मी म्हणालो.

"मग आता खूश आहेत का ते?"

"अजून बोलत नाहीत," माझ्या तोंडून निघून गेलं. बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

या चैत्रात दोन्ही बोअर आटले. वडिलांचा ऊस आणि चुलत्यांची लिंबं दोन्ही माना टाकायला लागली. सामाईक विहिरीत मात्र पाणी होतं, नऊ वर्षं कुणी उपसलंच नव्हतं. आई म्हणाली, मोटार सोडा. काकू म्हणाली, मोटार सोडा. वडील हवेत म्हणाले, "सोडतो. पर आधी त्यानं मान्य करावं, त्याच्या पाळीत जळाली." तिकडून आईमार्फत निरोप आला तो शब्दशः तोच, फक्त 'त्यानं'चा माणूस बदलला होता. वडिलांचं जेवणात लक्ष लागेना. चुलते भर दुपारी लिंबाच्या एकेका झाडाला बादलीने पाणी घालत होते, त्यांचा काळा टी-शर्ट घामाने पांढरा पडला होता. माझ्या खिडकीतून ते रोज दिसायचे. मी मीटिंगमध्ये असलो की पडदा ओढून घ्यायचो.

शेवटी मीच म्हणालो, रविवारी सकाळी बैठक घेऊ. आमच्या कंपनीत घेतो तशी. कुणाला दोष द्यायचा नाही. हे म्हणताना माझ्या मनात काय होतं ते कबूल करतो. गोष्टी ओळीने मांडत मांडत दोष वीज मंडळाच्या गळ्यात घालायचा, दोघांना मोकळं करायचं आणि माझी डबी माळ्यावरच राहू द्यायची. दोष न देण्याची पद्धत जगात सगळ्यांत जास्त कुणाला सोयीची असेल तर मला.

रविवारी दहा वाजता पडवीत बसलो. मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून खिळ्याला टांगलं आणि मी मार्कर घेऊन उभा राहिलो. वडील बाजेवर, चुलते उंबऱ्याजवळ खुर्चीत, मधे आई. दोघांच्या अंगात तोच टी-शर्ट. नियम सांगितला, "कुणी केलं ते बोलायचं नाही. काय झालं तेवढंच."

"मंग कुनी केलं ते कसं कळंल?" वडिलांनी विचारलं.

"ते कळायची गरज नाही, दादा."

चुलते आईकडे बघत म्हणाले, "वहिनी, इचारा त्याला, मंग बसलोय कशाला?"

मी कॅलेंडरवर लिहिलं: सोमवार, सकाळी सहा, लाईट आली. त्याखाली बाण काढला. पुढे काय लिहायचं?

"बटन मी दाबलं न्हाई," वडील म्हणाले.

"मी डेरीवर गेल्तो," चुलते म्हणाले. "पावती हुती. नऊ साल जपून ठेवली, मागच्या पावसात उंदरानं खाल्ली."

"उंदरानं," वडील आईला म्हणाले. "ऐका."

मी घाईघाईने म्हणालो की आपण विजेकडे वळू. त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं का, तारा किती जुन्या, डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड किती. मी तीन बाण काढले, तिन्ही डीपीकडे जाणारे. चांगलं रंगात आलं होतं. वडीलसुद्धा "तार जुनीच हुती म्हना" म्हणाले आणि चुलत्यांनी मान हलवली. नऊ वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर मी सुटलो असतो.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मोटार भरणारा. गेली वीस वर्षं अख्ख्या शिवाराच्या मोटारी हाच भरतो.

"मीच बोलीवलं," काकू आतून म्हणाली. "साक्षीदार नको का?"

त्याला चहा दिला. त्याने कॅलेंडरवरचे बाण बघितले आणि बशीत फुंकर मारत विचारलं, "ह्ये काय, डीपीवर घातलं का सगळं?"

"तुमाला काय दिसलं हुतं तेवढं सांगा," आई म्हणाली.

"दिसायचं काय त्यात? दोन फेजवर घुमली नि जळाली. खटका पडाया पायजे हुता, पर त्यात आगपेटीची काडी व्हती ना. आन स्टार्टरमधी ऑटो बशीवलेला, साबनाच्या डबीतला. म्या म्हनलं, लोकं बी काय काय करत्यात. पर तुमच्या घरचं तुमाला ठाऊक आसंल, मी कशाला बोलू?"

वडील उठले.

"डबी? आरं, चोरून डबी बशीवली व्हय? आन मला खोटा पाडत हुतास नऊ साल?" हे ते आईकडे बघून बोलत होते, पण बोट चुलत्यांकडे होतं.

चुलतेही उठले. "वहिनी, सांगा त्याला! मी आन डबी? मला टॉर्चचा सेल बदलता येत न्हाई! ह्याचंच काम ते! माझ्या लेकीची आन घेऊन सांगतो, मी हात लावला न्हाई!" एवढं बोलून त्यांचा आवाज फाटला. "मी खरं बोलत हुतो. नऊ साल खरं बोलतोय मी. कुनी ऐकत न्हाई."

"मी बी," वडील म्हणाले आणि परत बाजेवर बसले.

दोन प्रामाणिक माणसं. माझ्या भाषणात इथे पडद्यावरचं पान बदलतं आणि टाळ्या पडतात. माझ्या हातात मार्कर होता, त्याचं टोपण कुठे पडलं ते मला कळलं नव्हतं, आणि बोटं काळी झाली होती. परिषदेत मी हे वाक्य किती रुबाबात म्हणतो! मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही.

मी माळ्यावर चढलो. खाली सगळ्यांना वाटलं, हा पळाला. पेटी उघडली, वह्यांखालून डबी काढली, खाली आलो आणि ती वडिलांच्या आणि चुलत्यांच्या मधे जमिनीवर ठेवली. गुलाबी रंगाची डबी. तिला अजून वास होता.

"ही मी बसवली होती," मी म्हणालो. "काडीपण मीच. चालायचा कंटाळा यायचा म्हणून. तुम्ही दोघं खरं बोलत होता. मला माहीत होतं."

मोटार भरणाऱ्याने डबी उचलली, उलटीसुलटी केली. "हीच," तो म्हणाला. "सोल्डर कच्चं हाय."

चुलते डबीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी मान वर केली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा आईला ओलांडून थेट पलीकडे बघितलं.

"दादा," ते म्हणाले, "ऐकलंस का?"

"ऐकलं," वडील म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. काकू आतून बाहेर आली आणि दारातच खाली बसली. त्या दोघांना मात्र आपण बोललो हे कळलंच नसावं, कारण त्यांना घाई होती. पुढचा तासभर त्यांनी मिळून मला जे काही झापलं, तसं एका सुरात झापताना मी कुठल्याच दोन माणसांना ऐकलेलं नाही. एक दम घ्यायला थांबला की दुसरा पुढचं वाक्य उचलायचा. वडील म्हणाले, लाडानं बिघडवला. चुलते म्हणाले, व्हय दादा, तुझ्याच. वडील म्हणाले, माझ्या कशाच्या, खांद्यावर घेऊन कोन हिंडत हुतं? चुलते म्हणाले, तवा काय ठावं, ह्ये असलं निघंल. माझा दोष न देण्याचा नियम कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेला होता. चुलत्यांनी ते कॅलेंडर काढलं, त्याची गुंडाळी केली आणि तीच गुंडाळी माझ्या पाठीत घातली. लागलं नाही. मला ते फार बरं वाटलं, आणि तसं मी बोललो, तर आणखी एक बसली.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर मोटार तपासून विहिरीवर नेली. दोघांनी दोर धरला. मी मदतीला पुढे झालो तर चुलते ओरडले, "तू न्हाई! तू तिकडं बाभळीपाशी उभा ऱ्हा. स्टार्टरकडं बघू बी नको." काकूने तर माझ्या देखत चुलीजवळची आगपेटी उचलून कनवटीला लावली होती. ती अजूनही तसंच करते. स्टार्टरच्या पेटीला आता कुलूप आहे आणि किल्ली तिच्याकडे असते. लाईट आली की दोघांपैकी ज्याची पाळी असेल तो चालत जातो आणि बटण दाबतो. बहुतेक वेळा दुसराही बरोबर जातो.

मी बाभळीपाशी उभा राहिलो. दोर कठड्यावरून करकरत होता.

"दादा, ढिला सोड जरा."

"सोडतोय की."

"दादा, हळू. दादा, डावीकडं घे."

बांधावरून दोन काळ्या पाठी दिसत होत्या, त्यावरची अक्षरंही दिसत होती. मग ती मला नीट दिसेनाशी झाली, कारण मी रडत होतो. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कुणाचाच निरोप कुणाला द्यायचा नव्हता, आणि आपल्या हातांचं काय करावं ते तिला कळेना.